मंडणगडची वाट आणि फोर-व्हील ड्राइव्ह: डिझेल घ्यावे की पेट्रोल?

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची म्हटली की 'डोळे मिटून डिझेल घ्या' हा सल्ला आजही हमखास मिळतो. कोकणात गाव, बागायत आणि घाटवाट असलेल्यांसाठी हा सल्ला कित्येक वर्षे बिनतोड होता. डिझेल स्वस्त होते, इंजिन दणकट होते, पाण्याला भीत नव्हते आणि तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होत होते. यांपैकी किती कारणे आज शिल्लक आहेत, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. पंधरा-वीस लाख रुपये गुंतवताना तो विचारलाच पाहिजे. एकाच तालुक्याचा भूगोल समोर ठेवून त्याचे उत्तर शोधणे सोपे जाते. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेचा मंडणगड तालुका येथे घेतला आहे.

तालुका आणि त्याच्या वाटा

उत्तरेला सावित्री नदी आणि तिच्या पलीकडे रायगड जिल्हा, पश्चिमेला बाणकोटची खाडी व समुद्र, दक्षिणेला दापोली आणि आतल्या भागात भारजा नदीचे खोरे, असा हा तालुका आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, नाना फडणवीसांचे वेळास आणि बाणकोटचा हिंमतगड ही येथील परिचित ठिकाणे. कोकण रेल्वे तालुक्यातून जात नाही आणि मुंबई-गोवा महामार्गही बाजूने निघून जातो. त्यामुळे घरातील रुग्ण असो, आंब्याची पेटी असो किंवा गणपतीला निघालेले चाकरमानी कुटुंब असो, सारा भार रस्त्यावरच येतो. मुंबईहून लोणेरे, आंबेत आणि म्हाप्रळ मार्गे मंडणगड सुमारे दोनशे किलोमीटर पडते.

गाडीच्या दृष्टीने या प्रवासाचे तीन वेगवेगळे भाग होतात. पहिला महामार्गाचा, जेथे फोर-व्हील ड्राइव्हची काहीच गरज नसते. दुसरा म्हाप्रळपासून पुढचा चढ-उताराचा, अरुंद आणि वळणांचा डांबरी रस्ता. येथे चारही चाकांच्या ताकदीपेक्षा इंजिनाची कमी वेगातील खेच महत्त्वाची ठरते. तिसरा भाग मुख्य रस्ता सोडल्यानंतरचा. वाडीकडे किंवा आंबा-काजूच्या बागेकडे जाणारी ही कच्ची वाट उन्हाळ्यात जांभ्याच्या खड्यांची असते आणि पावसाळ्यात तांबड्या, निसरड्या चिखलाची होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात जून ते सप्टेंबर या तिसऱ्या भागासाठीच खरी फोर-व्हील ड्राइव्ह लागते.

निर्णयाची पहिली पायरी येथेच आहे. आपला वर्षभराचा प्रवास या तीन भागांत कसा विभागलेला आहे, ते आधी कागदावर मांडावे. इंधनाची निवड त्या विभागणीवरून ठरते; गाडीच्या रुबाबावरून ती ठरवू नये.

'डिझेलच' हा समज कसा रुजला

भारतातील जीपची सुरुवात पेट्रोलवर झाली, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या गाड्यांची इंजिने पेट्रोलची होती. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागले आणि ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले जाऊ लागले. १९७९ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. २११२ घन सेंटिमीटरचे ते इंजिन पुढे एमएम ५४० सारख्या जीपमधून गावोगावी पोहोचले. कमांडर, ट्रॅक्स, १९९४ ची टाटा सुमो, २००० ची बोलेरो आणि २००२ ची स्कॉर्पिओ या सर्व गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्राच्या मनात 'जीप म्हणजे डिझेल' हे समीकरण पक्के केले.

त्याच काळात एक ठळक अपवाद रस्त्यावर होता. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी शेवटपर्यंत पेट्रोलवरच धावली. सुरुवातीला एक लिटरहून किंचित लहान आणि १९९६ नंतर १.३ लिटरचे इंजिन असलेली ही गाडी वजनाने जेमतेम एक टन होती. लष्कर, पोलीस, वनखाते आणि हिमालयातील मोटार शर्यतींतील स्पर्धक यांनी तिला तीन दशके वापरले. खासगी ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. लहान पेट्रोल इंजिन, कमी वजन आणि लो गिअर यांच्या बळावर अवघड वाट पार करता येते, हे जिप्सीने सिद्ध केले होते. तरीही सामान्य ग्राहक तिच्याकडे वळला नाही, याचे मुख्य कारण पेट्रोलचा खर्च हेच होते.

हा खर्चाचा फरक शासनाच्या दरधोरणातून निर्माण झाला होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेल मात्र अनुदानित राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे तीस रुपयांहून अधिक तफावत असताना दुसरा विचार करण्याचे कारणच नव्हते. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडेथोडे वाढवण्यात आले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होते. जुलै २०२४ मधील करकपातीनंतर मुंबईत पेट्रोल सुमारे १०३ रुपये ४४ पैसे आणि डिझेल सुमारे ९० रुपये असा दर होता, म्हणजे फरक साडेतेरा रुपयांचा. जुन्या सल्ल्याचा सर्वांत भक्कम आधार असा निम्म्याहून अधिक खचला आहे.

दोन इंजिनांची दोन तऱ्हा

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते. ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. त्यासाठी दाबाचे प्रमाण जास्त लागते. आजच्या पेट्रोल इंजिनात ते साधारण दहा-बारास एक असते, तर डिझेलमध्ये पंधरा ते अठरास एक. हा दाब पेलण्यासाठी डिझेल इंजिन जाडजूड, जड आणि महाग बनवावे लागते. त्याच्या बदल्यात इंधनातील उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे बारा टक्के अधिक ऊर्जा असते. डिझेल गाडी जास्त 'ॲव्हरेज' देते ते या दोन कारणांनी.

डिझेल इंजिनाची दुसरी ख्याती खेचेची. टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, कमी फेऱ्यांतच पूर्ण मिळाला तर भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढते. साध्या पेट्रोल इंजिनाला त्याच चढावर फेऱ्या वाढवाव्या लागतात, गिअर खाली टाकावा लागतो आणि चालकाचा पाय सतत हलत राहतो. चिखलात हा फरक अधिक जाणवतो. तेथे चाक हळू आणि एकसारखे फिरले तर पकड घेते. एकदम जोर आला तर जागीच फिरून खड्डा पाडते.

आकडे काय सांगतात

मात्र ही तुलना साध्या पेट्रोल इंजिनाशी आहे. टर्बोचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाने चित्र बरेच बदलले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारचेच उदाहरण घ्या, कारण एकाच गाडीत दोन्ही इंजिने मिळाल्याने तुलना सरळ होते. तिच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर असून तो १६०० फेऱ्यांपासून मिळतो. २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क मॅन्युअल गिअरच्या गाडीत तितकाच, म्हणजे ३०० न्यूटन-मीटर आहे आणि तो १२५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. शक्तीच्या बाबतीत पेट्रोल १५० अश्वशक्तीचे, तर डिझेल १३० अश्वशक्तीचे. तेव्हा 'पेट्रोलला खेच नसते' हे विधान या गाडीपुरते तरी कागदावर टिकत नाही.

जून २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीचे चित्र वेगळे आहे. तिच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही. टॉर्क अवघा १३४ न्यूटन-मीटर आणि तोही ४००० फेऱ्यांवर. पण गाडीचे वजन सुमारे १२०० किलो आहे, म्हणजे थारपेक्षा पाच-सहाशे किलोंनी कमी. हलकी गाडी मऊ मातीत कमी रुतते, थांबायला कमी अंतर घेते आणि रुतलीच तर चार माणसांनी ढकलून निघते. लो गिअर टाकला की तिच्या चाकांवरील पीळ दुप्पट होतो; थारमध्ये तो जवळजवळ अडीच पट होतो. उतारावर गाडी आवरण्याचे कामही प्रामुख्याने हा लो गिअर करतो. इंधन कोणते, हा तेथे दुय्यम प्रश्न असतो.

यावरून एक साधा नियम हाती येतो. गाडीत चालकासह दोन-तीन माणसे आणि थोडे सामान असेल, तर हलकी पेट्रोल गाडी मंडणगडच्या कच्च्या वाटेला पुरते. सात माणसे, आंब्याच्या पेट्या, खताची पोती किंवा मागे ओढायची ट्रॉली असे नित्याचे ओझे असेल, तर मात्र डिझेलला पर्याय उरत नाही. ओझे वाढले की पेट्रोलचा खप झपाट्याने वाढतो. डिझेलचा त्यामानाने कमी वाढतो.

पाणी, चिखल आणि दमट हवा

डिझेलला पाण्याची भीती नाही, हा समज जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरता खरा होता. त्यांत ठिणगी नव्हती, डिस्ट्रिब्युटर नव्हता, त्यामुळे भिजून बंद पडण्यासारखे काही नव्हते. त्या काळच्या पेट्रोल जीप मात्र ओढ्याच्या मधोमध नेमक्या भिजून थांबत. आज दोन्ही इंजिनांवर संगणकाचे नियंत्रण आहे, दोन्हींत सेन्सर आणि तारांचे जाळे आहे. पेट्रोल इंजिनांत प्रत्येक प्लगवर बंदिस्त कॉइल आल्याने भिजण्याचा धोका कमी झाला, तर डिझेल इंजिनांत विजेचे भाग वाढले. या बाबतीत दोघे बरोबरीला आले आहेत.

एका बाबतीत तर डिझेल अधिक नाजूक आहे. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये पिस्टनच्या वरची जागा अत्यंत कमी असल्याने थोडे पाणीही हे नुकसान करते आणि दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो. थारला ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने दिलेली आहे. हा आकडा संथ पाण्याचा आहे. भारजेला किंवा एखाद्या पऱ्ह्याला लोंढा आला असता गुडघाभर पाणीही गाडी वाहून नेऊ शकते. मोरीवरून पाणी वाहत असेल तर इंधन कोणतेही असो, थांबणे हाच मार्ग आहे.

दमट हवेचा दुसरा परिणाम टाकीत होतो. अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की आतल्या हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचते. डिझेलमध्ये ते तळाशी बसते आणि अतिउच्च दाबाच्या पंपाला व नोझलला इजा करते. म्हणून डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी पावसाळ्यात वेळोवेळी काढावे लागते. डॅशबोर्डवरील पाण्याचा दिवा लागला तर गाडी तशीच दामटू नये. पेट्रोलचीही स्वतःची अडचण आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. बंद टाकीत धोका मोठा नाही. पण जुनी जिप्सी किंवा तत्सम गाडी घेणाऱ्याने तिचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलला योग्य आहेत की नाही, ते पाहून घ्यावे. गावी गाडी उभी ठेवून मुंबईला परतणाऱ्यांनी, इंधन कोणतेही असले तरी, टाकी भरून ठेवणे श्रेयस्कर.

बीएस-६ नंतरचे डिझेल

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि काजळीची २५ वरून साडेचारवर. हे कडक नियम उगाच आलेले नाहीत. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला होता. ही मर्यादा पाळण्यासाठी धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही भरावे लागते.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी ठरावीक अंतराने सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळावी लागते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगात चालणे आवश्यक असते. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर, तेथून शाळेपर्यंत एक किलोमीटर, असा तुकड्यातुकड्यांचा वापर असेल तर इंजिन तापत नाही, काजळी जळत नाही, फिल्टर तुंबतो आणि गाडीची ताकद कापली जाते. शहरातील अनेक डिझेलधारकांच्या तक्रारींचे मूळ येथे असते. ज्याची गाडी आठवडाभर मुंबईच्या कोंडीत रांगते आणि महिन्यातून एकदा तरी महामार्गावर लांब धावते, त्याचा फिल्टर बहुधा साफ होत राहतो. भरलेल्या गाडीने चढलेला लांब घाटही धुराचे तापमान वाढवतो. जो केवळ गल्लीबोळात फिरतो आणि गावी वर्षातून दोनदा जातो, त्याच्यासाठी मात्र आजचे डिझेल ही गैरसोय आहे.

दुरुस्तीचे गणितही पालटले. जुन्या डिझेल जीपचा पंप उतरवून कॅलिब्रेशन करणे, नोझल साफ करणे, टाकी कोरडी पडल्यावर लाइनमधील हवा काढणे ही कामे गावचा मेस्त्री करू शकत असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब वातावरणाच्या सोळाशे ते दोन हजार पट असतो आणि भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल त्याला चालत नाही. दोष शोधण्यासाठी कंपनीचा संगणक लागतो. त्यामुळे गाडी निवडण्याआधी त्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र मंडणगडपासून किती अंतरावर आहे, हे विचारणे इंजिनाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात बिघडण्यासारखे भाग कमी असतात. त्याची ही जमेची बाजू आहे.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. घाट, कोंडी आणि महामार्ग यांच्या मिश्र प्रवासात थारच्या वर्गातील डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर आणि तीच गाडी टर्बो पेट्रोलमध्ये ९ किलोमीटर देते, असे गृहीत धरू. डिझेलचा इंधनखर्च किलोमीटरला साडेसात रुपये येतो, पेट्रोलचा साडेअकरा रुपये. फरक चार रुपयांचा. डिझेल गाडी रस्त्यावर येईपर्यंत एक लाख रुपये जास्त लागले, तर ते भरून निघायला २५ हजार किलोमीटर लागतात.

मंडणगडात राहून महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्या बागायतदाराचे हे पैसे सुमारे सतरा महिन्यांत वसूल होतात. वर्षाला दहा फेऱ्या गावी मारणारा आणि उरलेला वेळ मुंबईत थोडी गाडी चालवणारा चाकरमानी वर्षाला साडेसात हजार किलोमीटर धावतो असे धरले, तर त्याला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ लागतो. महिन्याला तीनशे किलोमीटरच गाडी हलत असेल, तर सात वर्षे लागतात.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. जिम्नीसारखी हलकी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १४ किलोमीटर देते असे धरले, तर तिचा खर्चही किलोमीटरला सुमारे साडेसात रुपयेच येतो, म्हणजे जड डिझेल गाडीइतकाच. इंधनाच्या प्रकाराइतकाच गाडीच्या वजनाचा खर्चाशी संबंध आहे, हे यावरून ध्यानात यावे. आपल्या गाडीचे आकडे आणि त्या दिवशीचा दर घालून वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

टाकीचा पल्ला हेही डिझेलच्या बाजूने दिले जाणारे एक कारण. थारची टाकी ५७ लिटरची आहे. वरील ॲव्हरेजने डिझेल गाडी एका टाकीत साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक, तर पेट्रोल गाडी पाचशेच्या पुढे जाते. जिम्नीची ४० लिटरची टाकी साडेपाचशे किलोमीटरांना पुरते. मुंबई-मंडणगड-मुंबई चारशे किलोमीटर आहे. म्हणजे रोजच्या व्यवहारात पल्ला निर्णायक नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोली भागात झाडे पडून रस्ते अडले आणि वीज दीर्घकाळ गेली होती. अशा प्रसंगी टाकीतील जादा शंभर किलोमीटर मोलाचे ठरतात, एवढे खरे. पण पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ न देण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी पडते.

कर आणि पुढची वर्षे

महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीवर १२ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे; त्याच किमतीच्या डिझेल गाडीवर तो १४ टक्के आहे. पंधरा लाखांच्या गाडीवर हा फरक तीस हजारांचा होतो. वरच्या हिशेबातील एक लाखात तो धरलेला आहे.

दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणलेले निर्बंध पुढे अनेक न्यायालयीन आदेशांतून गेले. ते महाराष्ट्राला लागू नाहीत. पण वारे कोणत्या दिशेचे आहे, हे त्यातून कळते. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात, अशी शिफारस पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या एका समितीने २०२३ मध्ये केली. तिचे नियमात रूपांतर झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली. मारुतीने तर एप्रिल २०२० पासूनच डिझेल गाड्या बनवणे थांबवले. ज्याची गाडी मुंबई-ठाण्यात नोंदलेली आणि तेथेच उभी राहणार आहे, त्याने पुनर्विक्रीचा विचार करताना हे लक्षात ठेवावे. मंडणगडातच राहणाऱ्या गाडीला या अनिश्चिततेची झळ कमी.

बाजारात काय मिळते

निवडीला बाजाराचीही मर्यादा आहे. २०२२ ची स्कॉर्पिओ-एन आणि ऑगस्ट २०२४ मधील पाच दारांची थार रॉक्स या गाड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्त्या केवळ डिझेलमध्ये होत्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणि बोलेरो कॅम्परची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्तीही डिझेलचीच. म्हणजे मोठ्या कुटुंबाला किंवा मालवाहतुकीला लागणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पेट्रोल मिळणे दुर्मिळ. पेट्रोलची खरी निवड लहान थार आणि जिम्नी यांच्यापुरतीच राहते.

नावावरून फसू नये, यासाठी आणखी एक सूचना. जानेवारी २०२३ मध्ये आलेली दीड लिटर डिझेलची स्वस्त थार केवळ मागच्या चाकांवर चालते. दिसायला ती तशीच असली तरी फोर-व्हील ड्राइव्ह नाही. काही शहरी पेट्रोल गाड्यांत चारही चाकांना ताकद मिळते, पण लो गिअर नसतो. निसरड्या डांबरी घाटात त्या उत्तम चालतात. बागेतील खड्या चढावर मात्र अपुऱ्या पडतात.

कोणी काय घ्यावे

वरील विवेचनाचा सारांश असा:

• मंडणगडात वास्तव्य, रोजचे ओझे, महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर: डिझेल. खर्च लवकर वसूल होतो, खेच उपयोगी पडते आणि लांब धावांमुळे डीपीएफ साफ राहतो.

• मुंबई-पुण्यात घर, गावी महिन्याकाठी एक फेरी, चार माणसे: दोन्ही चालतील. वर्षाचा प्रवास दहा हजार किलोमीटरांच्या खाली असेल तर पेट्रोलकडे झुकावे.

• शहरात छोट्या छोट्या फेऱ्या आणि गावी वर्षातून दोन-चारदा: पेट्रोल, आणि शक्यतो हलकी गाडी.

• गाडी गावीच, पण वापर वाडी ते बाजार एवढाच: साधे पेट्रोल. मंडणगडात राहणाऱ्यानेही येथे डिझेलचा आग्रह धरू नये.

• सात माणसे किंवा ट्रॉली: बाजारातील उपलब्धतेमुळे डिझेलच.

जुनी गाडी घेताना काळजी अधिक घ्यावी. डिझेल गाडीची चाचणी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून घ्यावी. आरंभी फार पांढरा किंवा सतत काळा धूर येत असेल, तर नोझल आणि टर्बो तपासून घ्यावेत. डीपीएफ काढून टाकलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ते बेकायदा आहे आणि पियूसीच्या वेळी अडचण होते. दोन्ही इंधनांच्या गाडीत लो गिअर मोकळ्या मातीत टाकून, काढून पाहावा. वर्षानुवर्षे न वापरलेला लो गिअर ऐन चिखलात पडेनासा होतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

आणि गाडी कोणतीही घेतली, तरी ती वेळासच्या किनाऱ्यावर उतरवू नये. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकांच्या भाराने वाळू दबते आणि घरटी चिरडली जातात. शिवाय ओल्या वाळूत रुतलेल्या दोन टनी गाडीला भरतीच्या आत बाहेर काढणे डिझेललाही जमत नाही आणि पेट्रोललाही.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वर्षातील तीनशे दिवस साधी गाडी म्हणूनच चालते. म्हणून इंधन निवडताना उरलेल्या साठ दिवसांच्या चिखलाचा विचार करावाच. पण तीनशे दिवसांच्या डांबरी रस्त्याचा हिशेब त्याआधी मांडावा. ओझे आणि अंतर मोठे असेल तर डिझेल, दोन्ही थोडे असेल तर हलके पेट्रोल, हे सूत्र मंडणगडपुरते नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोणत्याही तालुक्याला ते लागू पडेल.